बियांपासून कमळ: किनाऱ्यालगतच्या आगरात, हौदात लावण्याविषयी

सुरंगी, मालवण तालुका

नमस्कार. आमच्या माडांच्या आगरात विहिरीलगत जांभ्याच्या चिऱ्यांचा एक जुना हौद आहे. पूर्वी विहिरीचे पाणी आधी त्यात पडे आणि तिथून पाटाने पोफळींना जाई. पंप आणि नळ्या आल्यापासून त्याचा उपयोग संपला. हौद साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि कमरेइतका खोल असून त्यावर सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत चांगले ऊन असते. त्यात कमळ लावावे आणि ते बियांपासूनच वाढवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. फुले देवाला होतील आणि पुढेमागे कोवळ्या बिया व कमळकाकडी घरात खाता येईल, असे दोन्ही हेतू त्यामागे आहेत.

पूजासाहित्याच्या दुकानात कमळगट्ट्याची माळ मिळते आणि सुटा कमळगट्टाही मिळतो; त्यांपैकी कोणते बी रुजेल? शेजारचे जाणते लोक म्हणतात की बी मृगावर घालावे, म्हणजे पाण्याची चिंता राहत नाही; हे कमळालाही लागू आहे का? आमच्या विहिरीचे पाणी एप्रिल सरता सरता मचूळ होते. ते रोपाला सोसेल का? इंटरनेटवर निळ्या आणि सप्तरंगी कमळांच्या बियांची पाकिटे विकायला असतात, ती घेण्याजोगी आहेत का? आणि मखाणा याच झाडाचा, असे काही जण सांगतात, तेही समजून घ्यायचे आहे. ज्यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत कमळ बियांपासून वाढवले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आगरवाट, गुहागर

सुरंगीताई, बी निवडणे आणि रुजवणे एवढ्यापुरते मी लिहितो.

माळेतल्या बिया घेऊ नका. ओवण्यासाठी त्यांना आरपार भोक पाडलेले असते, आणि कमळाच्या बियाचा हिरवा कोंब तर नेमका मधोमध, दोन जाड दळांच्या पोकळीत असतो, त्यामुळे भोक पाडताना तो बहुतेक वेळा दुखावला जातो. असे बी पाण्यात टाकले की फुगते, त्यामुळे ते जिवंत आहे असा समज होतो. पण दोन दिवसांत पाणी दुधाळ होऊन त्याला वास सुटतो. सुटा कमळगट्टा मात्र चालतो, फक्त तो भाजलेला, उकडलेला किंवा सोललेला नसावा. काळपट, टणक, हाताला वजनदार लागणाऱ्या आणि पाण्यात टाकताच तळाला जाणाऱ्या बिया निवडून घ्याव्यात. तरंगणाऱ्या बिया बहुधा आतून पोकळ किंवा किडलेल्या असतात.

अखंड बी तसेच पाण्यात ठेवले तर महिनोन्महिने जसेच्या तसे राहते, कारण त्याच्या कवचातून पाणी आत जातच नाही. म्हणून कवच एका ठिकाणी घासावे लागते. बियाच्या एका टोकाला बारीक बोंडासारखा उंचवटा असतो आणि दुसऱ्या टोकाला लहानसा खळगा असतो. बी पक्कडीत धरून खळग्याची बाजू कानशीवर किंवा जाड पॉलिशपेपरवर घासावी. आधी काळा थर जातो, मग तपकिरी लागतो आणि त्याखाली मलईच्या रंगाचा गर ठिपक्याएवढा दिसू लागतो. तो दिसला की तिथेच थांबावे. हातोडीने बी फोडण्याचा किंवा सुरीने कापण्याचा मोह टाळावा. प्रयोगशाळेत तीव्र आम्लाने कवच पातळ करतात, पण घरी तो मार्ग धोक्याचा आहे आणि त्याची गरजही नाही.

घासलेल्या बिया काचेच्या उंच बरणीत, निदान वीतभर पाण्यात ठेवाव्यात. पाणी २५ ते ३० अंश सेल्सिअस असले की पुरे, आणि आपल्याकडे फेब्रुवारीनंतर पडवीत ठेवलेले पाणी तेवढे असतेच. दिवसाभरात बी फुगून जवळजवळ दुप्पट होते, आणि आठवड्याच्या आत कवच उकलून हिरवा कोंब बाहेर येतो. पाणी रोज बदलणे मात्र चुकवू नये. जे बी मऊ पडून घाण वास देईल ते लगेच काढून टाकावे, नाहीतर त्याच्या कुजण्याने बाकीची बरणी बिघडते.

वायंगण, कुडाळ तालुका

कमळाच्या बियांविषयी जेवढे लिहिले जाते ते सारे कवच घासण्याविषयी असते, आणि आगरवाट यांनी ते नीट सांगितले आहे. पण माझ्या मते बी रुजवणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. आपल्या किनाऱ्यावर रोपे मरतात ती पुढे, पाण्याच्या खोलीमुळे आणि चुकीच्या हंगामामुळे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

मृगावर पेरणे ही भाताची रीत आहे. कमळाच्या रोपाला ती मानवत नाही. कमळाची पहिली काही पाने नाजूक देठाची आणि पाण्यावर तरंगणारी असतात. नंतर जाड देठाची, पाण्याच्या वर ताठ उभी राहणारी पाने येतात, आणि ती आली की झाड खऱ्या अर्थाने सावरते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे पाऊस लागला की पुढे दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही, सरींचा मारा कोवळी पाने फाडतो आणि पाण्याची पातळी रोजच्या रोज वर सरकते. त्या वेळी रोप तरंगत्या पानांच्या अवस्थेत असेल तर ते टिकणे कठीण. यासाठी बी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा फार तर मार्चच्या मध्यापर्यंत भिजत घालावे, म्हणजे एप्रिल-मेचे कडक ऊन रोपाला मिळते आणि पावसाआधी त्याची उभी पाने आलेली असतात. आपल्याकडची थंडी बेताची असल्याने ऑक्टोबरात सुरुवात करता येते, पण दिवस लहान होत जाणाऱ्या त्या काळात वाढ मंद राहते, म्हणून माझी पसंती फेब्रुवारीलाच आहे.

आता हौदाविषयी. कमरेइतक्या खोल हौदाच्या तळाशी रोप लावले तर पाने वरपर्यंत पोहोचणार नाहीत. कमळाचे देठ आतून पोकळ असतात आणि पानांकडून हवा त्या नळ्यांतून खाली चिखलातल्या गड्ड्यापर्यंत, म्हणजे कमळकाकडीपर्यंत, जाते. एकही पान पाण्याबाहेर नसेल तर गड्डा गुदमरून कुजतो. वाळलेले पान तोडतानाही देठ पाण्याच्या वरच कापावा, पाण्याखाली कापू नये, तो याच कारणासाठी. तेव्हा रोप आधी रुंद घमेल्यात किंवा बुडाला भोक नसलेल्या गोल टबात लावावे. चौकोनी टबापेक्षा गोल बरा, कारण धावरा, म्हणजे मातीतून आडवा पसरणारा कोंब, पुढे सरकत जातो आणि कोपऱ्यात अडकला की त्याचा शेंडा मोडतो. सुरुवातीला मातीवर दोन-तीन इंच पाणी पुरे. पुढे हौदात चिऱ्यांचा ओटा रचून त्यावर टब ठेवावा आणि पाने वाढतील तसतसा एकेक थर काढून टब खाली न्यावा. पूर्ण वाढलेल्या झाडालाही मातीवर एक-दीड फुटापेक्षा जास्त पाणी देण्याची आवश्यकता नाही.

पावसाचा हिशेब इथेच करून ठेवावा. दिवसाला २०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे अपूर्वाईचा नाही, आणि नुसता आभाळातून हौदात पडणारा तेवढा पाऊस पाणी २० सेंटीमीटरने चढवतो. त्यात छपराच्या पागोळ्या किंवा आगरातला ओहोळ हौदाकडे वळत असेल तर पातळी एका रात्रीत हातभर चढते, आणि देठ रातोरात तेवढे वाढत नाहीत. म्हणून ज्या पातळीवर पाणी राहावे असे वाटते, त्या पातळीला हौदाच्या भिंतीत सांडवा ठेवावा, त्यावर जाळी लावावी आणि पागोळ्यांचे पाणी दुसरीकडे काढावे. हे काम मे संपण्याआधी गवंड्याकडून करून घ्यावे. गवंडी हौदाला नवीन सिमेंट लावील, तर त्यातला चुना काही दिवस पाण्यात उतरत राहतो. दोन-तीनदा पाणी भरून सोडून दिल्याखेरीज त्यात झाड ठेवू नये.

माती भातखाचरातली किंवा तळीतल्या गाळाची, काळसर आणि चिकट घ्यावी. नुसती तांबडी जांभी माती भुसभुशीत आणि खडीची असते, तिच्यात धावरा धरत नाही. कोकोपीट, पालापाचोळ्याचे खत, भुसा यांतले काहीही घालू नये. ते तरंगते आणि उरलेले कुजून पाणी काळे करते. मातीवर जाड वाळूचा बोटभर थर दिला की सरींनी चिखल उसळत नाही. खताची घाई तर मुळीच नको. उभी पाने येण्याआधी खत दिले तर कोवळी मुळे करपतात आणि पाण्यात शेवाळ माजते. उभी पाने आल्यावर मुरलेल्या शेणखताचा किंवा हाडांच्या चुऱ्याचा लहान गोळा मातीत गुंडाळून, टबाच्या कडेला खोल खुपसावा.

मचूळ पाण्याबद्दल स्पष्ट सांगतो. कमळ गोड्या पाण्याचे झाड आहे. क्षार वाढले की पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळतात, आणि उन्हाळ्यात हौदातले पाणी वाफ होऊन उडत असल्याने मागे उरणारा खारटपणा दर भरणीला वाढत जातो. तुमची विहीर एप्रिलअखेर बिघडते, म्हणजे रोपाचे सर्वांत नाजूक आठवडे गोड्या पाण्यात निभावतात, आणि हे तुमच्या पथ्यावरच पडते. मे महिन्यापुरते टाकीत गोडे पाणी साठवून ठेवा आणि तेच भरणीला वापरा. पाऊस सुरू झाला की उरलेला खारेपणा आपोआप धुऊन जाईल.

वनस्पतीवेध, दापोली

मखाणा कमळाचा नव्हे. तो ज्या झाडाच्या बियांच्या लाह्यांपासून होतो त्याचे शास्त्रीय नाव युरिअले फेरॉक्स असून त्याची पाने प्रचंड, काटेरी आणि पाण्यावर पसरलेली असतात. बिहारच्या मिथिला भागात त्याची मोठी शेती आहे आणि ‘मिथिला मखाना’ला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कमळ म्हणजे नेलुम्बो न्युसिफेरा. नुसत्या फोटोवरून ओळखायचे झाले तर पान पाहावे: कमळाचे पान अखंड गोल असते, देठ मधोमध जोडलेला असतो आणि पान पाण्याच्या वर उभे राहते, तर कुमुदाच्या (वॉटर लिलीच्या) पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पहुडलेले असते. दिसण्यातल्या साम्यामुळे पूर्वी दोघांना एकाच कुळात धरत, पण आता कमळाचे कूळ स्वतंत्र आहे.

यावरूनच पाकिटांचे उत्तर मिळते. कमळात गुलाबी, पांढरा आणि त्यांच्यामधल्या छटा असतात. पिवळा रंग अमेरिकेतल्या नेलुम्बो ल्युटिया या दुसऱ्या जातीकडून आला आहे. निळे कमळ निसर्गात नाही. निळी फुले कुमुदांत असतात, आणि त्यांच्या बिया मोहरीपेक्षाही बारीक असतात. त्यामुळे टपोऱ्या काळ्या बियांच्या पाकिटावर निळ्या फुलाचे चित्र असेल, तर ते चित्र फसवे आहे, हे निश्चित समजावे. ‘वाटीतले कमळ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बियांबाबतही सावध राहावे. ठेंगणे वाण असतात हे खरे, पण ते गड्ड्यांपासून वाढवले तरच तसेच राहतात. बियांपासून आलेले रोप आईसारखेच निघेल याची शाश्वती नाही. फुलाचा रंग, पाकळ्यांची संख्या, झाडाची उंची, सारेच बदलू शकते. मला स्वतःला बियांपासून कमळ वाढवण्यातला खरा आनंद यातच वाटतो, कारण प्रत्येक रोप स्वतंत्र असते. मात्र ठरावीक रंगाचेच फूल हवे असेल तर गड्डा आणणे श्रेयस्कर. गड्ड्याला त्याच हंगामात फूल येऊ शकते, बियांच्या रोपाला बहुधा दुसऱ्या वर्षाची वाट पाहावी लागते.

कवचाविषयी थोडेसे, कारण ते थक्क करणारे आहे. जपानमधील चिबा येथे १९५१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ इचिरो ओगा यांना उत्खननात कमळाच्या जुन्या बिया मिळाल्या. त्यांतल्या एका रोपाला १९५२ मध्ये फूल आले. लगतच्या लाकडी होडीवरून त्या बिया सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या असाव्यात असे मानले गेले. पुढे चीनमधल्या एका कोरड्या पडलेल्या तळ्यातील बी जेन शेन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवले, आणि त्याच बियाच्या कार्बन-मापनातून त्याचे वय सुमारे १३०० वर्षे निघाले. हे संशोधन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. कमळाचे बी वाट पाहते ते झोपेमुळे नव्हे. कोंब तयारच असतो, फक्त पाणी आत शिरू न देणारे कवच त्याला अडवून ठेवते. तेव्हा दुकानातला कमळगट्टा जुना आहे म्हणून कोणी नाकारू नये.

सुरंगी, मालवण तालुका

आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. गवंड्याशी बोलणे झाले असून सांडवा गुढीपाडव्याच्या आधी होईल. सुट्या कमळगट्ट्यातल्या बुडणाऱ्या बिया घासून बरणीत ठेवल्या होत्या आणि त्या छान रुजल्या आहेत. प्रत्येकीला लांब, दोऱ्यासारख्या देठाचे पान आले आहे, काहींना दुसरेही आले आहे, पण मूळ एकालाही दिसत नाही. रुजलेल्या बियाला आधी मूळ फुटते हे आपण मुगा-मटकीत पाहतो, म्हणून काळजी वाटते. बियांत काही दोष आहे का, की लगेच मातीत लावून टाकू?

वायंगण, कुडाळ तालुका

दोष काहीच नाही. कमळाच्या बियाचे मुख्य मूळ वाढतच नाही; आधी पाने येतात आणि नंतर कोंबाच्या पेरापासून आडवी मुळे फुटतात. साधारण दोन-तीन पाने झाल्यावर पांढऱ्या मुळांचा झुबका दिसतो. तोवर बियातल्या साठ्यावर रोपाचे भागते, म्हणून सालीचा उरलेला भाग ओढून काढू नका. बरणी उजेडात ठेवा, पण काचेतले पाणी भर दुपारच्या उन्हात तापू देऊ नका.

मुळे बोटाच्या पेराएवढी झाली की लावणी करावी. रोप हलके असल्याने वर तरंगून येते, म्हणून बियाभोवती चिखलाचा लाडू करून तो ओल्या मातीत अलगद दाबावा. कोंबाचा पुढचा शेंडा मात्र मातीबाहेरच राहिला पाहिजे. तो काचेच्या कांडीसारखा चटकन तुटतो आणि मोडला तर रोप बहुधा हातचे जाते. पाने पाण्यावर मोकळी पसरू द्या. पहिले एक-दोन दिवस माडाच्या झावळीची विरळ सावली दिली तर बरे, त्यानंतर पूर्ण ऊन.

हौदात गप्पी मासे सोडायला विसरू नका, नाहीतर तिथे डासांची पैदास होईल. पानांवर मावा आला तर पाण्याच्या झोताने धुऊन काढा. खायचे झाड आहे, त्यामुळे कीटकनाशक किंवा शेवाळासाठी मोरचूद या दोन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात. मोरचूद माशांनाही मारते.

एक विनंती सर्वांनाच आहे. उरलेली रोपे गावच्या तळीत किंवा देवळाच्या तलावात परस्पर सोडू नयेत. उथळ, गाळाच्या पाण्यात कमळ काही वर्षांत सारा पृष्ठभाग झाकून टाकते, आणि ज्या तळीवर गावाचे पाणी, गुरे, मासे अवलंबून आहेत तिथे तो निर्णय गावाने मिळून घ्यायचा असतो.

पाटवरवंटा, रत्नागिरी

सुरंगीताई, खाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. फूल सकाळी उमलते, दुपारकडे मिटते आणि असे तीन-चार दिवस चालते. पाकळ्या गळल्या की मधला शंकूसारखा भाग वाढू लागतो. तो हिरवा असताना त्यातल्या बिया कोवळ्या आणि गोडसर असतात. हिरवी साल सोलून बी उभे चिरावे आणि मधला गडद हिरवा कोंब काढून टाकावा, कारण तो अत्यंत कडू असतो. चीनमध्ये मात्र तोच वाळवून चहासारखा घेतात. शंकू तपकिरी होऊन बिया त्यात खुळखुळू लागल्या म्हणजे त्या पक्क्या झाल्या. तशा बिया कवच फोडून, रात्रभर भिजवून, कोंब काढून शिजवल्या तर ओल्या काजूच्या उसळीप्रमाणे नारळाच्या वाटणात छान लागतात.

कमळकाकडी कच्ची खाऊ नये. पाणवनस्पती कच्च्या खाल्ल्याने आतड्यात चपट्या कृमीची बाधा होऊ शकते, आणि दूषित पाण्यातले जड धातूही गड्ड्यात साठतात. म्हणून आगरातल्या स्वच्छ हौदातली कमळकाकडी आणि सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यातली कमळकाकडी यांत मोठा फरक आहे. दुसरी शिजवूनही घरात आणू नये असे माझे मत आहे. दोन्ही टोके बंद असलेली पेरे घ्यावीत, टोक उघडे असले की नळ्यांत चिखल शिरतो आणि तो धुऊनही पुरता निघत नाही. चकत्या केल्यावर त्या लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकाव्यात, म्हणजे काळ्या पडत नाहीत. पातळ चकत्यांना तिखट, मीठ, हळद लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कमी तेलात परतल्या की कुरकुरीत होतात, आणि जाड तुकडे नारळाच्या रसात शिजवले तरी त्यांचा करकरीतपणा जात नाही.

पहिल्या वर्षी मात्र खणण्याचा विचार करू नये. गड्डे फुगतात ते दिवस लहान होऊ लागल्यावर, आणि बियांच्या रोपाचे पहिल्या वर्षीचे गड्डे पेन्सिलीएवढे बारीक निघतात. दुसऱ्या हंगामानंतर, डिसेंबर-जानेवारीत पाने सुकू लागली की टब रिकामा करावा. ज्यांची टोके अखंड आहेत असे दोन-तीन पेरांचे तुकडे पुढच्या लावणीसाठी चिखलात ओलेच ठेवावेत, बाकीचे स्वयंपाकघरात न्यावेत. बाजूला ठेवलेले तुकडे फेब्रुवारीत नव्या मातीत आडवे, टोक किंचित वर ठेवून लावावेत. दर वर्षी-दोन वर्षांनी असा टब मोकळा केला नाही तर गड्डे दाटतात आणि नुसती पाने माजून फुले कमी होतात.